दुसरं वाक्य

"बाई, ह्या परिच्छेदाचा कारभारी कोन?"

टाइपरायटरवरची बोटं तशीच ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे. मी माझ्याच प्रबंधात डोकं घालून कारभारी शोधायची. तो काही सापडायचा नाही. "बघा की. सगळी वाक्यं पावणी हायत, घरचं कोनच न्हाय," असं म्हणून ते कागद माझ्याकडे परत सरकवायचे.

सत्तरच्या दशकात शाहूपुरीतल्या एका जिन्याखाली त्यांचा टाइपरायटर होता. कोल्हापुरात ज्याला म्हणून डॉक्टरेट करायची होती, तो कधी ना कधी त्या जिन्याखाली वाकून शिरला. मीही त्यातलीच. कॉलेजात मराठी शिकवत होते आणि गुऱ्हाळातल्या शब्दांवर प्रबंध लिहीत होते. परिच्छेद कसा लिहावा हे मी वर्गात मुलांना सांगत असे. मला स्वतःलाच ते येत नाही, हे टाइप करणाऱ्यानं दाखवावं याचा मला राग यायचा.

"काहिलीचं चाललंय न्हवं? रस उकळाय लागलाय. मग मधीच बैल कुठनं आला?"

"बैलाशिवाय घाणा फिरतो का?"

"फिरू दे की! पर त्येला त्येचा परिच्छेद द्या. न्हायतर काहिलीत पडंल त्यो."

मला हसू यायचं आणि घड्याळही दिसायचं. घरी मुलं, सासूबाई, तपासायचे पेपर. पण मी बसायच्या आधीच त्यांनी चहा सांगितलेला असे. दहा मिनिटांचं काम तासभर चाले. एक सहकारी म्हणाला, "अहो, त्यांना बोलायला माणूस लागतं. म्हणून परिच्छेद उकरत बसतात." आम्ही दोघंही हसलो. तुम्हीही हसला असता.

सगळ्यात शेवटी टाइप व्हायचा तो ऋणनिर्देश. एक परिच्छेद मार्गदर्शकांचा, एक ग्रंथालयाचा, एक घरच्यांचा. घरच्यांच्या शेवटी मी एक वाक्य जोडलं होतं: सुबक टंकलेखनाबद्दल टंकलेखकांचेही आभार. बांधणी होऊन प्रती आल्या, त्यात ते वाक्यच नव्हतं. एक अनुस्वार न गाळणारा माणूस अख्खं वाक्य कसा गाळेल? मी तडक शाहूपुरी गाठली.

"ते तुमच्या घरच्या मानसांत बसत न्हवतं, बाई."

"मग वेगळा परिच्छेद करायचा."

"एका वाक्याचा परिच्छेद हुतोय व्हय? आनखी एक वाक्य द्या. बांधणी उसवून पान बदलून देतो की." त्यांनी कोरा कागद पुढं केला. टोमणा नव्हता त्यात. त्यांना तो परिच्छेद हवा होता. इतक्या प्रबंधांत त्यांच्यासाठी एकही नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मी पेन उघडून बसले. दोन वर्षं त्यांचा चहा प्यायले होते. घरी कोण आहे, जेवतात कुठं, मूळचे कुठले, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तेव्हा विचारायचीही फार लाज वाटली.

"उद्या लिहून आणते," म्हटलं.

"आना की सावकाश."

उद्या पाहुणे आले. परवा प्रबंध विद्यापीठात देऊन टाकला. मग तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली, सत्कार झाला. निदान घरच्या प्रतीत तरी ते पान घालावं म्हणून गेले, तेव्हा आठ-नऊ महिने उलटले होते. जिन्याखाली सायकली उभ्या होत्या.

"गेलं की ते गावाकडं," शेजारचा घड्याळ दुरुस्त करणारा म्हणाला. "दोन म्हैनं झालं."

"कुठलं गाव?"

"ते कधी इचारलं न्हाय बघा." मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी गुऱ्हाळाच्या बाई न्हवं? लई वाट बघितली तुमची. कुलूप लावून निघायचं आन परत येऊन बसायचं. म्हनायचं, बाई कागद घेऊन येनार हायत. आनलाय का?"

मी कागद आणलाच नव्हता. त्यांच्यासमोर बसून, त्यांनाच सगळं विचारून लिहायचं असं ठरवून, मोकळ्या हातानं आले होते.