उचल समजून केलेली सही

आमच्या धारूर भागातला माणूस ऊस तोडायला कर्नाटकापर्यंत जातो. समुद्रावर जाणारा अंगद पहिलाच. जहाजावर खलाशी म्हणून त्यानं चार वर्षं काढली. सुट्टीवर आला की आम्ही त्याला "काय कप्तान" म्हणून चिडवायचो आणि तोही लाजत हसायचा.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका बंदरात जहाज धक्क्याला बांधताना यंत्रावर गुंडाळल्या जाणाऱ्या दोरात त्याचा उजवा हात सापडला. अंगठा राहिला, चार बोटं गेली. कंपनीनं मुंबईत ऑपरेशन करून त्याला घरी पाठवलं. जखम पुरती वाळलीही नव्हती, तोच कंपनीचा माणूस गाडी करून गावात आला. त्याच्याजवळ एक चेक होता आणि सहीसाठी एक इंग्रजी कागद.

अंगदला इंग्रजी कामापुरतं येतं. तो म्हणाला, "धारूरला कुणाला तरी दाखवून आणतो." कुणाला तरी म्हणजे मला. तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. पण त्याचे वडील मध्ये पडले.

सुंदररावतात्यांनी पंचवीस वर्षं ऊस तोडला. तोडीला निघण्याआधी मुकादम उचल देतो. पैसे आधी, काम मागून आणि हिशोब सगळ्यात शेवटी. उचल घेताना कागद वाचत बसला तो टोळीतून गळाला, हे तात्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं.

"घे बाबा," ते म्हणाले. "ही उचल हाय. हिशोब मागून व्हतोच. लई शानपणा केला तर हीबी जाईल."

कंपनीचा माणूस मराठीच होता. त्याला सगळं कळलं आणि तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो. अंगदनं डाव्या हातानं सही केली.

सहा महिने हिशोबाची वाट पाहून तो कागद घेऊन माझ्याकडं आला. संपूर्ण आणि अंतिम भरपाई मिळाली, यापुढं कसलाही दावा करणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग त्याला सांगितलं.

मुंबईत खलाशांची प्रकरणं लढवणाऱ्या एका वकीलबाईंना अंगदच्या फोनवरून, दोघांना ऐकू येईल असा स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उपचार संपल्यावर डॉक्टर अपंगत्व किती टक्के ते ठरवतात आणि त्यावर करारातली भरपाई ठरते. याला मिळाली त्याच्या कितीतरी पट. सही झाली असली तरी भांडता येईल. मात्र ती काय समजून केली, ते शपथेवर सांगणारं कुणीतरी हवं.

"वडील तिथंच होते ना?" बाई म्हणाल्या. "त्यांनीच सांगायचं, उचल समजून सही करायला मीच लावलं."

अंगदनं फोन बंद केला. "मग तात्यांना कळंल."

"कळू दे की. हात तुझा गेलाय."

"हात यंत्रानं नेला. पण हे ऐकलं तर तात्यांना वाटंल, आपणच नेला. ते न्हाईत जगायचे."

मी त्याला नाही नाही ते बोललो. प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप करून ठेवला, दोनदा निरोप धाडला. तो आला नाही. वकीलबाईंचे फोन यायचे, तेही थांबले.

परवा अंगदच्या घरी जेवायला होतो. शेजारचा आसाराम आपल्या पोराला जहाजावर धाडायचं म्हणतोय, तोही पंगतीला होता. तात्या त्याला समजावून सांगत होते.

"पोराला सांगून ठिव. कंपनीनं काय दिलं की आधी घ्यायचं. आमचा अंगद कागद घेऊन धारूरला निघालता. मी व्हतो म्हणून उचल तरी पदरात पडली. हिशोब व्हईल आता निवांत." मग ते लेकाकडं वळले. "व्हय का न्हाई रं?"

अंगद त्यांच्या ताटात भाकरी वाढत होता.

"व्हय तात्या," तो म्हणाला. "तुमी व्हता म्हणून."