फ्लेक्सची मागची बाजू

बाळांनो, आज सकाळी फाटकाबाहेर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, त्याच्या शाईचा उग्र वास घरात शिरला आणि माझा जुना राग उफाळून आला. म्हणून लगेच लिहायला बसले. तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, जन्मभर वलगावकडच्या खेड्यांत नर्स होती. बाळंतपणांच्या आठवणींचं तिने पुस्तक काढलं, तेव्हा सगळी पुंजी छपाईतच संपली आणि जाहिरातीला काहीच उरलं नाही. आमच्या गल्लीतला पुढारी म्हणाला, फ्लेक्स माझ्याकडून. प्रकाशनाचा कार्यक्रम गावातल्या शाळेत होता. त्या दिवशी शाळेच्या दारात पाहिलं, तर मधोमध हात जोडलेला तो, भोवती त्याचे कार्यकर्ते आणि कोपऱ्यात इवलंसं पुस्तक. आत्याआजी चष्मा लावून वाचत राहिली. "माह्यं नाव कुठी दिसते काय वं?" तिने मला विचारलं. ते कुठेच नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी फ्लेक्स खाली उतरवायला लावला. पुढारी म्हणाला, "काकू, फुकटात देऊन राहिलो, अन् तुमी माह्यावरच चिडता काहून?" मी म्हटलं, "तुझं तोंड चौकाचौकात लटकते. इथे हिचं नाव लागेल." शाळेतला काळा ऑइलपेंट मागून घेतला, फ्लेक्स उलटा केला आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर पुस्तकाचं आणि तिचं नाव हातभर अक्षरांत लिहिलं. ओला रंग ओघळत असतानाच तो दारावर चढवला. आत्याआजी आता नाही, पुस्तकही कुठे विकत मिळत नाही. त्या फ्लेक्सने मी पावसाळ्यात कूलर झाकते, पुढाऱ्याचं तोंड आतल्या बाजूला करून. तिचं नाव अजून स्वच्छ वाचता येतं.