कमरेइतकी मधुमालती

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी आमच्या माळीबुवांना फसवलं. सौदा मी जुळवला होता, म्हणून मी ते विसरायला तयार नाही.

माळीबुवा वाघोलीकडचे. कात्री लावायच्या आदल्या संध्याकाळी झाडावर हात ठेवून सांगायचे, "उद्या कापनार हाय बरं का." मी एकदा हसलो, तर म्हणाले, "न्हावीबी आधी मान खाली करा म्हनतोच की, साहेब."

कर्वेनगरात फाटकाशी मधुमालती असलेल्या इमारती तुम्हीही पाहिल्या असतील. आमची त्यांनीच लावलेली. ती तिसऱ्या मजल्यावर चढली आणि मुंग्यांसकट अध्यक्षांच्या खिडकीच्या जाळीत शिरली. अध्यक्ष म्हणाले, "उपटून टाका."

माळीबुवांनी स्वतःच्या छातीवर आडवा हात धरला. "हितवर छाटतो. आवरात ऱ्हाईल."

मी हार्डवेअरचा दुकानदार. समोरच्याचा पहिला शब्द मी आयुष्यात मान्य केलेला नाही. म्हणालो, "गुडघ्यापर्यंत."

"साहेब, येल हाय, मेथीची जुडी न्हाई!"

शेवटी कमरेवर ठरलं. मुळाला कुणी हात लावायचा नाही, हे अध्यक्षांकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं.

माळीबुवांनी खोडं कमरेशी छाटली, पण वरचा पसारा ओढला नाही. "आठ दिस वाळू द्या. आपसूक पकड सोडती. वढलं तर जाळी वाकंल." एवढं सांगून ते आठवडाभर गावी गेले. भिंत तपकिरी झाली. अध्यक्ष जाता-येता म्हणत, "शोभा वाढवलीत हो!"

परत आल्यावर माळीबुवांनी सगळा पसारा अलगद उतरवला. जाळीची एक तार वाकली नाही. खुंटांना शेण लावलं आणि रोज वाकून कोंब शोधू लागले. दीड महिना गेला. एका सकाळी त्यांनी नखाने साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं.

माळ्याने वेल मारली, असं सगळे म्हणाले. तेही म्हणाले, "हात चुकला माझा. छातीवरच ठिवायचं हुतं." माझ्याकडे पाहिलं नाही. कात्री वॉचमनला देऊन गेले, ते कुणाच्याच बागेत परतले नाहीत.

त्यानंतर वॉचमन बोलला. माळीबुवा गावी होते तेव्हा अध्यक्षांनी दोन दुपारी मुळाशी ॲसिड ओतलं होतं. ॲसिड माझ्याच दुकानातलं. बाथरूमला हवंय म्हणून नेलेलं.

मी तडक वाघोलीला गेलो. दारातला दोडका पत्र्यावरून शेजाऱ्याच्या छपरावर पसरला होता, आणि हा माणूस त्याच्या सावलीत हात मांडीवर ठेवून बसला होता. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले,

"साहेब, तुमी बोलन्यात कुनाला हार जात न्हाई. माझं मन राखायला आलाय. च्या घ्या."

दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहाच मिळाला.

तेव्हा अध्यक्षसाहेब, माझ्या तोंडून माळीबुवा हे खरं मानणार नाहीत. हे तुम्हालाच सांगावं लागेल, त्यांच्या दारात उभं राहून. सोसायटीच्या सभेत नाही, चिठ्ठी पाठवून नाही. त्यांचा हात चुकला नव्हता, हे त्यांना सांगायला तुम्ही कधी येताय?