मी रचलेली विहीर

भूत, भानामती, अंगात येणं... यांतल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला. संपादकांनी अद्भुत अनुभवांच्या या सदरासाठी विचारलं तेव्हाही मी नाहीच म्हणणार होते.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. आम्ही मूळचे वाईकडचे. थोरल्या भावाची वकिली इथे चालू लागली तेव्हा त्याच्याबरोबर आले. शुक्रवार पेठेत राहतो. वर्गात रूपककथा आली की माझं एकच सांगणं असे : लेखकानं ठेवलं असेल तेवढंच गोष्टीत असतं. वरचा अर्थ त्याचा, आतलाही त्याचाच. तिसरं काही नाही.

एकदा उन्हाळ्यात एका मासिकात माझी गोष्ट छापून आली. नीलव्वा नावाची सून भरदुपारी घागर घेऊन पायऱ्यांच्या विहिरीत उतरते. कडुलिंबाच्या मुळानं उचललेली एक पायरी डुगडुगते, नीलव्वा पाण्यात पडते, घागर कपारीत अडकून राहते. गाव म्हणतं, तिनं जीव दिला, आणि विहिरीची वाट दगडांनी बुजवून टाकतं. माझ्या मनात सगळं स्वच्छ होतं : विहीर म्हणजे विद्या, ती पायरी म्हणजे रूढी. दादाला मात्र त्यात स्वराज्य दिसलं. "सरकारी वकिलाच्या हाती पडली तर राजद्रोह लावील," तो म्हणाला.

एका रविवारी सकाळी गंगव्वा घरी आल्या. भुसार व्यापाऱ्याच्या घरातल्या बाई. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. दिलेलं पाणी त्यांनी तसंच ठेवलं.

"बाई, लेकीनं तुमची गोष्ट वाचून दाखवली. नीलव्वा माजी थोरली भैन. वळसंगला दिली हुती. ह्ये तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. नाव कानाला गोड वाटलं म्हणून घेतलं. वळसंग मी पाहिलेलंही नाही."

"लेकीला ठावं न्हाय. घरात तिचं नावच घेत न्हाईत. जीव दिला म्हणत्यात. वरनं दोर सोडून तिला काढली आन लगीच वाट बुजवली. पायऱ्यांनी कुणी उतरलंच न्हाय. मग पायरीचं तुमाला कसं कळलं?"

"गंगव्वा, ते रूपक आहे हो. पायरी म्हणजे रूढी."

त्या म्हणाल्या, "आसंल. पर माजी आई अजून हाय, माज्याचकडं ऱ्हाती. डोळ्यांनी दिसत न्हाय तिला. ती जायच्या आत मला ती पायरी बघायचीया. तुमी येता का?"

दादानं बजावलं, शाळेच्या कमिटीला कळलं तर मास्तरीणबाई भुतामागे धावतात म्हणतील. मी म्हटलं, "लिहिलं मी आहे. खोटं ठरलं तरी मीच जाऊन बघायला हवं."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी सर्व्हिस मोटारीनं वळसंगला गेलो. विहिरीपाशी गावचे पाटील आडवे आले. "झाकलंय ते झाकलेलंच ऱ्हाऊ द्या की. लई वंगाळ जागा हाय."

"भैन माजी हाय," गंगव्वा म्हणाल्या. "पाप लागलं तर मला लागंल." पदर खोचून त्यांनी एक दगड उचलून बाजूला टाकला. मीही वाकले. आम्ही थांबत नाही असं पाहून दोन गडी पहारी घेऊन आले.

वाट मोकळी झाली. काठावर कडुलिंब होता. आता तुम्ही म्हणाल, विहिरीवर कडुलिंब असतोच... मान्य. एक पायरी मुळानं उचललेली होती. मूळ मागाहून वाढलं असेल, तेही मान्य. पण मी त्या पायरीशी बसले आणि हात आपसूक डावीकडच्या कपारीत गेला. गोष्टीत मी बाजू लिहिली नव्हती. मनात मात्र ती डावीच होती — बोटांना गार धातू लागला.

गड्यांनी पहारीनं कपार मोकळी केली. घागर निघाली, चेपलेली, हिरवी पडलेली. काठावर कानडीत नाव कोरलेलं. मला कानडी वाचता येत नाही. गंगव्वांनी पदरानं पुसून वाचलं, "नीलव्वा", आणि त्या तिथेच खाली बसल्या. जीव द्यायला जाणारी बाई घागर घेऊन जात नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही. पाटलांनी डोईचं पागोटं उतरवलं.

सोलापुरात परतल्यावर ती घागर म्हातारीच्या मांडीवर ठेवली. तिनं काठावरून हात फिरवला, अक्षरांवर थांबली, कानडीत काहीतरी बोलली. गंगव्वांनी मला मराठीत सांगितलं, "इचारती, पाण्यालाच गेलती न्हवं माजी पोर?"

"व्हय म्हणून सांगा," मी म्हटलं.

दादाचं म्हणणं, कुठेतरी ऐकलं असशील आणि विसरली असशील. त्या बाईचं नाव, तिच्यावरचा आळ, हे कानावर आलं असेलही. पण अडकलेली घागर कुणी पाहिलीच नव्हती, मग मला सांगितलं कुणी?

आता दुसरी गोष्ट लिहून झाली आहे. तिच्यात नदीकाठच्या एका गावातला नावाडी आहे, होडी काठाला बांधून कुठेतरी निघून गेलेला. दादा म्हणाला, निदान त्या नावाड्याचं नाव तरी बदल. मी बदललेलं नाही. आहे तशीच छापायला दिली आहे. त्याचं कुणी असेल तर येऊ दे. मी घरी असते.