तिला हवा तसा फोटो

आमचे फोटोमास्तर जन्मभर लोकांच्या सुरकुत्या पुसत आले. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की साठीची बाई चाळिशीची होई आणि गिऱ्हाईक खूश. उतारवयात त्यांनी एका नामांकित छायाचित्रकाराचं प्रदर्शन पाहिलं. भिंतभर म्हातारे चेहरे होते आणि एकाही चेहऱ्यावरची रेघ पुसलेली नव्हती. मास्तर घरी आले ते वेगळेच होऊन.

बायको तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिला खिडकीशी बसवून त्यांनी तसाच फोटो काढला. आपल्या हातून यापेक्षा चांगला फोटो झालेला नाही, हे त्यांना तो धुतानाच कळलं.

तिनं तो पाहिला आणि उलटा ठेवला.

"गावभरच्या बायका तरुण केल्यात, आणि माझ्याच वेळी पेन्सिल हरवली होय?"

"अगं, यात तू आहेस. अगदी तू."

"ते तुमच्यापुरतं. मी गेल्यावर येणारा-जाणारा हाच बघणार. मला भिंतीवर आजारी ठेवू नका, अहो."

मास्तरांनी शब्द दिला आणि तिच्यादेखत तो फोटो फाडला.

ती गेल्यावर ते निगेटिव्ह घेऊन बसले. डोळ्यांखालच्या रेघा गेल्या, कपाळावरच्या गेल्या. ओठांजवळ मात्र हात अडला. त्या हसण्याच्या रेघा होत्या, निम्म्या तर मास्तरांच्याच थट्टेनं पडलेल्या. मग त्याही पुसल्या.

"बाबा, किती छान दिसतेय आई!" मुलगी म्हणाली.

"तिला असाच हवा होता," मास्तर म्हणाले.