उरलेली अर्धी बाटली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथेही नेमकी याच जागी गप्प व्हायचे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते. एकदा कागदावर उतरलं की पुढचं जमेल. आणि ते आज जमवायचंच आहे.

गोष्ट पावाची आहे. हसू नका. बिअर घालून घरी भाजतात तो पाव. नणंदेची मुलगी पुण्याहून आली होती, तिने शिकवला. मळायला नको, फुगायची वाट बघायला नको — मैदा, बेकिंग पावडर, थोडी साखर, मीठ, त्यावर बिअर ओतायची, फेस बसायच्या आत ढवळायचं, वरून पातळ लोणी सोडायचं आणि ओव्हनमध्ये. बाहेरून कडक, आत मऊ. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग चहात बुडवून दोन तुकडे खाल्ले. भाजताना दारू उडून जाते, हे त्यांना मीच पटवून दिलं.

आता हेही सांगायला हवं की माझा नवरा दारू प्यायचा. विनायक. मिरकरवाड्याच्या बंदरात तो ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो. पण संध्याकाळी घरी यायचा तो झिंगूनच. मारहाण नाही, शिवीगाळ नाही — कोपऱ्यात बसून राहायचा आणि सकाळी मान खाली घालून चहा प्यायचा. घर मी चालवलं. मुलीचं कॉलेज, सासूबाईंची औषधं, हद्दीवरच्या चिऱ्याच्या गडग्यावरून शेजाऱ्यांशी भांडण, सगळं मी. पाहुणे म्हणायचे, ही होती म्हणून संसार तगला. ते मला आवडायचं. किती आवडायचं, ते तेव्हा कळलं नव्हतं.

मग त्याने सोडली. खरंच सोडली. वर्ष उलटलं तरी थेंब नाही. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "आमच्या विनूनं जिद्द दाखवलीन हो!" एका ट्रॉलरचे मालक, हसनभाई, मुद्दाम सुरमई घेऊन घरी आले. म्हणाले, "वहिनी, तुमच्या माणसानं कमाल केलीन." मी ती सुरमई साफ केली, तळली, वाढली. आणि आतल्या आत जळत राहिले. जिद्द त्याने दाखवली? मग इतकी वर्षं मी काय करत होते? मुलगी आता सल्ला विचारायला त्याच्याकडे जायची. गडग्याचं भांडण त्याने शेजाऱ्यांकडे एक चहा पिऊन मिटवलं — माझं भांडण! एकदा जेवताना म्हणाला, आमटीत मीठ जरा कमी घालत जा. काय चुकीचं बोलला? काहीच नाही. पण पानात काय वाढलंय याची ज्याला वर्षानुवर्षं शुद्ध नव्हती, तो मला मीठ शिकवत होता.

मला तो पहिल्यासारखा हवा होता. हे लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. मान खाली घातलेला, सकाळी माझ्या डोळ्याला डोळा न भिडवणारा — तसा हवा होता.

भाची पुण्याला परत गेल्यावर मला पाव करायचा होता. बिअर आणायला मी त्यालाच सांगितलं. सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "अगं, दुसऱ्या कोणाला सांग ना. मला त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही."

मी हसत म्हटलं, "सोडलीस ना तू? मग बाटलीला कसला घाबरतोस?"

मुलगी हसली. तोही हसला, कसनुसा. चपला घालताना दारातून त्याने विचारलं, "छोटी आणू की मोठी?"

इथेच. दरवेळी मी इथवर येते आणि मागे फिरते. आज फिरणार नाही.

एका पावाला छोटी बाटली पुरते. बरोब्बर पुरते, काही उरत नाही. भाचीने छोट्याच बाटलीत करून दाखवला होता, मी शेजारी उभी होते. मी म्हटलं, "मोठीच आण."

उरलेली अर्धी मी फ्रिजच्या दारात ठेवली, तोंडावर स्टीलची वाटी उपडी घालून. पुढच्या पावाला होईल, म्हटलं. उघड्या राहिलेल्या बिअरचा फेस मरतो, तिचा पाव न फुगता दडस होतो, हे ठाऊक असताना म्हटलं. पहिल्यांदा त्याने ती मोरीत ओतून टाकली. मी पुढच्या रविवारी पुन्हा पाव केला. पुन्हा मोठी बाटली. पुन्हा अर्धी दारात. आणि सासूबाईंना, मुलीला घेऊन मी देवरूखला माहेरी निघून गेले, मुक्कामाला. दुसऱ्या दिवशी परत आले तर फ्रिजमध्ये बाटली नव्हती. वाटी घासून, पुसून, मांडणीवर जागच्या जागी ठेवलेली होती.

वाईट वाटलं, असं लिहायला किती सोपं आहे! मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढचं गावाला माहीत आहे. तो पुन्हा बुडाला, पहिल्यापेक्षा खोल. जेटीवरून खाली पडला, डावा हात मोडला. तो अजून पुरता वळत नाही. जड पाना धरायला त्याला आता दुसऱ्याला हाक मारावी लागते. लोक पुन्हा म्हणू लागले, ही आहे म्हणून. सासूबाई रडल्या, "माझाच झील कच्चा गो." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हो, याच हाताने.

आता त्याने परत सोडली आहे. व्यसनमुक्तीच्या बैठकीला जातो. गेल्या खेपेला घरच्यांनाही बोलावलं होतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "घरात पावासाठी आणलेली उरली होती. बायकोच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला कोणी बोल लावू नका, घसरलो तो मी." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी मान खाली घातली. त्यांना तो माझा सोशिकपणा वाटला. शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, तुमच्यासारखी सगळ्यांना मिळो.

मी दमले होते, मला कोणी विचारत नव्हतं — यातलं काही मी त्याला सांगणार नाही. ते खरं असलं तरी ते कारण नव्हे. क्षमाही मागणार नाही. मागितली तर तो लगेच देऊन टाकेल, मला माहीत आहे.

सहा वाजत आले. आता येईलच. मोरीत हाताचं डिझेल धुवेल, चहा मागेल. मी चहा पुढे ठेवीन आणि सांगेन — छोटी बाटली पुरते हे मला माहीत होतं, विनायक. तू प्यावीस म्हणून मी मोठी सांगितली.