कार्ड अडलं की बाबा थिजायचे

आई गेल्यापासून बाबा अकोल्यात एकटे. मी अमरावतीत, नोकरी, सासर, पोरांच्या शाळा. दोन तासांची वाट, पण निघणं होईल तर शप्पथ! म्हणून माझा जुना कॉम्प्युटर त्यांना बसवून दिला. संध्याकाळी व्हिडिओवर त्यांचा चेहरा दिसला की मगच मला घास गोड लागायचा.

उन्हाळा लागला आणि बाबा बोलता बोलता थिजायला लागले. तोंड उघडं, हात हवेत, मग स्क्रीन काळी. मेल्या, आत्ताच मरायचं होतं का तुला, असं मी त्या कॉम्प्युटरला कितीदा म्हटलं असेल.

माझं कामच मुळी हे. नेट परत आलं की मी इथूनच त्या मशीनमध्ये शिरायचे आणि कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नोंद वाचायचे. रोज तेच रडगाणं: नेटवर्क कार्डाकडे पाठवायला दिलं, गेल्याचं कार्डानं कळवलं नाही, वाट पाहिली, वेळ संपली, कार्ड पुन्हा सुरू केलं. मी कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम बदलला, कार्डाची वीज वाचवायची सोय बंद केली, अख्खा कर्नल नवा टाकला. काडीचा फरक नाही. वाट पाहिली, वेळ संपली. ते वाचताना एकदा तर ऑफिसच्या मीटिंगमध्येच मला रडू फुटलं.

शेवटी रजा टाकली आणि भरदुपारी एसटीनं अकोला गाठलं. बाबांनी दार उघडलं, बनियन घामानं चिंब. आत कूलर धो-धो चालू, पण तोंड कॉम्प्युटरकडे! ओल्या वाळ्याच्या ताट्यांची दमट हवा सरळ मशीनच्या पोटात. कार्ड उपसलं, तर त्याच्या सोनेरी पट्टीवर हिरवट थर चढलेला. मी खोडरबरानं तो घासत बसले, आणि असा संताप आला म्हणून सांगू!

"बाबा, कूलर तुमच्यासाठी घेतला न? इकडं काहून फिरवला?"

"थे गरम झालं का बंद पडते, असं वाटलं मले."

"अन् तुमी उकडून राहिले त्याचं काय?"

"मले सवय हाय. पण थे बंद पडलं का तू जातं न, माय."

मी कार्ड बसवलं, कूलर त्यांच्या खाटेकडे वळवला.

दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेर येऊन पाहते तर बाबा केस विंचरून, धुतलेला सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसलेले. मी घरात होते, तरी.